शुक्रवारची फिल्म

शुक्रवारी आमच्या घरात सगळे ओरडून बोलायचे आणि मग एकमेकांकडे बघून ओशाळायचे. इतर दिवशी ओरडल्याशिवाय गत्यंतरच नव्हतं. भिवंडीजवळ शेलार गावात आमच्या घराची मागची भिंत आणि शकूरचाचांच्या लूमच्या कारखान्याची भिंत एकच होती. त्या भिंतीपलीकडे दिवसरात्र माग चालायचे. फळीवरच्या ताटल्या सारख्या थरथरायच्या, पाण्याच्या पिंपात पाणी कधी स्थिर दिसायचं नाही. शुक्रवारी कारखान्याला सुट्टी. गुरुवारी रात्री पाळी संपून माग थांबले की कानात पोकळी झाल्यासारखं वाटायचं. आम्ही मात्र आपल्या सवयीने "मीठ दे" हेसुद्धा अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचो. बाहेरची माणसं आम्हाला भांडखोर समजायची. भांडण आमच्याकडे फार कमी व्हायचं, कारण आवाज आणखी चढवायला जागाच शिल्लक नसायची.

आवाजाची सवय झाली होती, तुसाची मात्र कधी झाली नाही. मागांतून कापसाची बारीक तुसं उडायची आणि झरोक्यातून, दाराच्या फटीतून घरात यायची. दुधाच्या सायीवर तूस, लोणच्याच्या बरणीच्या फडक्यावर तूस, वाळत घातलेल्या पांढऱ्या साडीवर तर मोजायलाच नको. आई भाकरीचं पीठ मळताना परात पोटाशी घेऊन भिंतीकडे तोंड करून बसायची. तिच्या हातची तांदळाची भाकरी एवढी पातळ व्हायची की तव्यावरून उतरवताना फाटेल अशी भीती वाटायची, पण फाटायची नाही. सोबत सुकट, नाहीतर चिंच घालून जवळा. सुकट भाजल्याचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत जायचा आणि बाबा दुकानातून येताना तिथूनच ओरडायचे, "ज्योते, पानी भर!" मी तांब्या भरून ओट्यावर ठेवायची.

बाबा तरुणपणी मागावरच कामाला होते. त्या कामाने त्यांचे कान अर्धेअधिक नेले. मग त्यांनी ते सोडलं आणि वाडा रोडला, आमच्या फाट्यावर, रेडियमचं दुकान टाकलं. रेडियमचं दुकान म्हणजे रिक्षा-टेम्पोवर नावं, नंबर, पोरांची लाडकी नावं, पिवळ्या-लाल चमकत्या कागदाची कापून चिकटवायचं दुकान. आता हे सगळं यंत्र कापतं. तेव्हा बाबा पात्याने हातानं कापायचे. अक्षराच्या पोटातला नको असलेला तुकडा सुईने उचलून काढायचं काम घरी माझ्याकडे असायचं. मी जवळच्या वळ गावातल्या एका गोदामात पॅकिंगला जात होते. ड्युटीवरून आले की चहा घेऊन सुई हातात घ्यायची. माझी अक्षरं स्वच्छ निघायची, पण बाबा कधी चांगलं म्हणायचे नाहीत. ते पुढची शीट सरकवायचे, हीच काय ती शाबासकी.

मग आजूबाजूला गोदामं वाढली, शेतं गेली, गाड्या आल्या. नव्या गाडीवाल्यांची एक हौस होती आणि एक भीती. हौस गाडीची आणि भीती चऱ्याची. गाडीत शिरताना दाराखालच्या चौकटीवर प्रत्येकाचा बूट घासतो आणि वर्षभरात तिथला रंग जातो. बाबांनी कुठूनतरी पारदर्शक फिल्मची मोठी गुंडाळी आणली आणि ती त्या चौकटीवर चिकटवायला सुरुवात केली. चिकटवली की दिसत नाही. जे काय घासायचं ते फिल्मवर घासतं, खालचा रंग नव्यासारखा राहतो. त्या चौकटीला गिऱ्हाईक काय काय म्हणायचं. बाबा म्हणायचे उंबरा. "मालक, उंबरा झाकून घ्या, गाडी विकताना मला दुवा द्याल."

हे काम बाबा फक्त शुक्रवारी करायचे. याचं कारण भिवंडीबाहेरच्या माणसाला सांगूनही पटत नाही. फिल्म चिकटवताना हवेत एक जरी तूस असलं तरी ते बरोबर फिल्मखाली जाऊन बसतं, आणि एकदा बसलं की बसलं. काचेखाली केस अडकावा तसं ते कायम डोळ्याला बोचत राहतं. म्हणून माग बंद असतील तो दिवस. सकाळीच बाबा दुकानापुढे पाण्याचा सडा मारायचे, साबणाच्या पाण्याचा फवारा उंबऱ्यावर आणि फिल्मच्या पाठीवर मारायचे, फिल्म अलगद टेकवायचे आणि रबरी पट्टीने मधून कडेकडे पाणी काढत जायचे. पार अंबाडी गावापासूनचे लोक गाडी घेऊन यायचे आणि "उद्या करा ना" म्हणायचे. बाबा म्हणायचे, "उद्या माग चालू हाय." संपलं. या कामाला ते मला हात लावू द्यायचे नाहीत. "बाईमान्साचा केस पडतो," म्हणायचे. माझ्या दादाचा पडत नसावा. त्याला ते शिकवायला तयार होते, पण दादाला गोदामातली सुपरवायझरची शिफ्ट बरी वाटायची. दादाला साबणाच्या पाण्यात हात घालणं म्हणजे भांडी घासल्यासारखं वाटायचं.

दादाने जुनी, पांढरी गाडी घेतली तेव्हा वैशाखी पौर्णिमा तोंडावर होती. गाडी दारात आली ती पौर्णिमेच्याच दिवशी, आणि त्या संध्याकाळी बुद्धविहारात वंदनेला जायचं होतं. आई पांढरी साडी नेसून तयार, दादा किल्ली फिरवत उभा, आणि बाबा गाडीच्या दारात आडवे. "उंबरा झाकल्याशिवाय कोन पाय टाकनार न्हाय." आई म्हणाली, "मग काय उडून जाऊ आत?" दिवस कामाचा होता, माग खडखडत होते, पण वंदनेची वेळ कुणासाठी थांबणार नव्हती. शेवटी बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा माग चालू असताना फिल्म लावली. पुढच्या डाव्या दाराची लावून झाली आणि कोपऱ्याशी एक तूस अडकलेलं दिसलं. छोटंसं, कोयरीच्या शेपटासारखं वळलेलं. बाबांनी त्यावर बोट फिरवलं, परत फिरवलं. बोटाने जाणारं ते नव्हतंच. "शुक्रवारी काढतो ही आनि नवी लावतो," ते म्हणाले. पुढे किती शुक्रवार आले. प्रत्येक शुक्रवारी लोकांच्या गाड्या दुकानापुढे उभ्या असायच्या आणि आमची घरी तुसासकट. गाडीत बसताना बाबा त्या कोपऱ्याकडे बघायचे आणि तोंड वाकडं करायचे. दादा चिडवायचा, "बाबा, तुमची सही हाय ती."

आईने त्या उंबऱ्याला दुसराच मान दिला होता. गाडीत चढायच्या आधी ती चपला काढायची, हातात घ्यायची आणि अनवाणी पाय उचलून आत टाकायची. लोक हसायचे. पण त्यामुळे एक झालं. पुढची डावी जागा आईची असल्यामुळे तिथल्या फिल्मवर एक चरा पडला नाही. त्या कोपऱ्यातलं तूस सोडलं तर ती अगदी कोरी होती.

बाबांचं जे झालं ते दुकानातच झालं. एक टेम्पोवाला धावत घरी आला आणि आईला म्हणाला, "चाची, चाचा नंबर तिरछा काट रहे हैं, और बोलो तो सुन नहीं रहे." ऐकू येत नाही हे काही नवीन नव्हतं. पण बाबांचा नंबर तिरका, हे ऐकून आई हातातलं पीठ न धुताच निघाली. मी पोचले तेव्हा बाबा स्टुलावर बसलेले होते. उजव्या हातात पातं होतं. डावा हात मांडीवरून खाली लोंबत होता आणि ओठाच्या कोपऱ्यातून लाळ येत होती. समोर पाटीवर पिवळे आकडे उताराला लागल्यासारखे खाली खाली गेले होते. मी आधी त्यांच्या हातातलं पातं काढून घेतलं. मग ते आकडे सुईने उचलायला लागले. आई ओरडली, "ते काय करते?" काय करत होते ते मलाही सांगता आलं नसतं.

दवाखान्यातून घरी आणलं ते एका बाजूने गेलेलं शरीर. जीभ जड झाली होती, पण शब्द कळत होते. डाव्या हाताची बोटं मिटलेली राहायची, डावा पाय होता आणि नव्हता. मी गोदामाची ड्युटी सोडली. डॉक्टरांनी मीठ बंद केलं म्हणून आईने सगळ्या घराचं मीठ कमी केलं. सुकट, जवळा, बोंबील डब्यातून काढून शेजारी देऊन टाकले. अळणी पेज, दुधी, मुगाचं पाणी. घराला वासच राहिला नाही. माग चालू असायचे आणि आम्ही त्यांच्या आड गप्प बसायचो. शकूरचाचा एकदा बघायला आले. टोपी काढून दोन्ही हातांत धरून उभे राहिले आणि म्हणाले, "भाभी, बोलो तो दीवार की तरफवाले लूम बंद कर दूँ? मरीज़ को आराम मिलेगा." आईने बाबांकडे पाहिलं. बाबांनी मान हलवली, नाही. आयुष्यभर मागाच्या आवाजात झोपलेला माणूस. शुक्रवारी रात्री त्यांना झोप यायची नाही आणि ते छताकडे बघत पडून राहायचे.

लोक मला विचारतात, त्या दिवसांत तू खूप रडली असशील. मी रडले नाही. मला काहीच वाटत नव्हतं, हे लिहायला आज थोडं चमत्कारिक वाटतं, पण तसंच होतं. मी त्यांना पुसायची, कूस बदलायची, दात नसलेल्याला द्यावं तसं मऊ केलेलं भरवायची, धुणं वाळत घालायची, तुसं झटकायची. संध्याकाळी ओट्यावर बसायची तेव्हा गल्लीतली पोरं खेळताना दिसायची आणि ती दिसतात एवढंच व्हायचं. एकदा उकळत्या पेजेचं पातेलं नुसत्या हाताने उतरवलं आणि फोड आल्यावर मला कळलं. आईने हळद लावली आणि म्हणाली, "तुझं लक्ष कुठं असतं?" लक्ष तिथेच होतं.

कल्याण नाक्यावर व्यायामाचे डॉक्टर होते. दर गुरुवारी दादा शिफ्ट बदलून यायचा आणि आम्ही बाबांना गाडीने तिथे न्यायचो. सुरुवातीला दादा त्यांना उचलूनच गाडीत ठेवायचा. बाबा मोठ्या अंगाचे. उचलताना दादाच्या खांद्यावरून ते गल्लीकडे बघायचे नाहीत, डोळे मिटून घ्यायचे. डॉक्टर त्यांच्या डाव्या तळपायाला टाचणी टोचायचे आणि विचारायचे, "काका, कळतंय?" बाबा आधी डॉक्टरांच्या हाताकडे बघायचे, मग आईच्या तोंडाकडे, आणि म्हणायचे, "कळतंय." आई लगेच माझ्याकडे वळून हसायची. डॉक्टर टाचणी पुसून ठेवायचे. एकदा त्यांनी बाबांना डोळे मिटायला लावले आणि टोचलं. बाबा नुसते बसून राहिले, डोळे मिटून, विचारण्याची वाट बघत. आई तेव्हा बाहेर चपला घालत होती, म्हणून तिने ते पाहिलं नाही.

पुढे डॉक्टरांनी टाचेला लोखंडी पट्टी असलेला बूट दिला, काठी दिली आणि सांगितलं, आता उचलायचं नाही. घरात उंबरा ओलांडायची प्रॅक्टिस करा. मग सकाळ-संध्याकाळ आमच्या घराचा उंबरा आणि बाबा. काठी टेकायची, उजवा पाय पलीकडे, मग डावा मांडीतून उचलायचा. पहिले कितीतरी दिवस बूट लाकडावर ठक्क आपटायचा. मागाच्या आवाजात बाबांना ते ऐकू जायचं नाही आणि पायाला कळायचं नाही. ते आमच्याकडे बघून विचारायचे, "लागला?" आम्ही खरं सांगायचो, लागला. ते परत मागे यायचे, परत. हळूहळू ठक्क कमी झालं. एका संध्याकाळी त्यांचा पाय न लागता पलीकडे गेला आणि आई देवासमोर उभी राहावी तशी हात जोडून उभी राहिली. आमच्याकडे देव नव्हते, पण हात जोडल्याशिवाय तिला राहवेना.

त्या रात्रीच्या जेवणाला बाबांनी उशीखालची दुकानाची किल्ली काढली. आजारी पडल्यापासून ती तिथेच असायची. जड जिभेने, थांबत थांबत ते म्हणाले, "गुरुवारी गाडीचा उंबरा. मी. माझा मी." मग घोटभर पाणी पिऊन म्हणाले, "फिलिमवर चरा न्हाय पडला, तर शटर उघडनार. पडला तर..." आणि किल्ली दादापुढे ठेवली. म्हणजे पडला तर दुकान दादाने कुणाला तरी देऊन टाकावं. दादाने किल्लीला हात लावला नाही. "गाडीचा उंबरा उंच असतो, बाबा," तो म्हणाला, "आनि लागला तर काय होतंय?" बाबा म्हणाले, "लोकांचे उंबरे झाकतो मी. मला माझा पाय उचलता येत न्हाय, तर कोन गाडी दिल माझ्या हातात?" यात तर्क कितपत होता माहीत नाही. माणसाने स्वतःला लावलेली परीक्षा होती. दुसरं कुणी ती सोपी करून देऊ शकत नव्हतं. निदान तेव्हा मला तसं वाटलं.

गुरुवार आला. आईने त्यांना इस्त्रीचा शर्ट घातला, दुकानात जाताना घालायचे तो. दादाने गाडी ओट्याला लावली आणि पुढचं डावं दार पूर्ण उघडलं. शकूरचाचांचे माग जोरात होते. गल्लीतली दोन-चार माणसं उगाचच थांबली. बाबांनी काठी माझ्याकडे दिली, दार धरलं, उजवा पाय आत टाकला, पाठ वळवून सीटवर बसले. आता डावा पाय बाहेर राहिला. हाताने उचलायचा नाही, असं त्यांनीच ठरवलं होतं. मी दाराशी वाकून उभी होते. त्यांची मांडी थरथरली, गुडघा वर आला, बूट जमिनीवरून सुटला. वर आला, आणखी थोडा. मग टाच खाली पडली आणि लोखंडी पट्टी फिल्मवरून आतल्या कडेपर्यंत ओढत गेली. मागे एक लांब, केसासारखी बारीक रेघ राहिली. आवाज झाला असेल तर तो मागांनी गिळला. बाबांना तो ऐकू गेला नाही, पायालाही कळलं नाही. सीटवर बसून त्यांना स्वतःचा उंबरा दिसत नव्हता. त्यांनी मान वळवून आईकडे बघितलं.

"लागला?"

"न्हाय," आई म्हणाली.

एवढं पटकन म्हणाली की मीच तिच्याकडे बघत राहिले. बाबा सीटला मान टेकून हसले. अर्ध्याच तोंडाने हसता यायचं तेव्हा, पण हसले. "उद्या उजेडात बघतो," ते म्हणाले. फिल्मवरचा चरा सकाळच्या तिरप्या उन्हात नेमका दिसतो. ते कामाचे तपासनीस होते, नुसत्या शब्दावर पास करणारे नव्हते. दवाखान्यातून परत येईपर्यंत तिन्हीसांज झाली. दादाने त्यांना धरून उतरवलं आणि ते थकून झोपले.

शुक्रवारी झुंजुमुंजू झालं तेव्हा आईने मला हलवलं. माग बंद होते, म्हणून ती माझ्या कानाशी कुजबुजली, आणि आमच्या घरात कुजबुज ऐकल्याचं मला तरी ते पहिलंच आठवतं. "ऊठ. ती फिलिम बदल."

"मला न्हाय लावता येत. बाबांनी कधी..."

"बघितलंय ना? अक्षरं काढते ना तू? ऊठ."

दुकान बंद झाल्यापासून उरलेली गुंडाळी, रबरी पट्टीसकट, घरी पलंगाखाली होती. बाबा वर झोपलेले असताना मी पोटावर सरपटून ती काढली. आईने माझे केस गच्च बांधून वरून तिचा जुना रुमाल करकचून बांधला, एक बट बाहेर राहिली नाही. तिने ओट्यापुढे सडा मारला, चुलीवरचं कढत पाणी तपेलीत आणलं. मी ते हळूहळू उंबऱ्यावर सोडत जुन्या फिल्मचं टोक नखाने उचललं. ती एकसंध निघाली, चऱ्यासकट. खाली रंग असा होता की जणू त्या दारातून कधी कुणी आत गेलंच नाही. आईने पदराने कोपरा पुसला. साबणाचं पाणी मारलं, नवी फिल्म टेकवली आणि पट्टी धरली. बाबांचे हात मी इतक्या वेळा बघितले होते की माझ्या हाताला ठाऊक होतं; मधून कडेला, कडेला, दाब सारखा. पाणी धारेने बाहेर आलं. बुडबुडा राहिला नाही. तूस नाही, केस नाही. उगवत्या उजेडात फिल्म आहे की नाही तेसुद्धा कळेना. आई तोंडावर हात ठेवून बघत होती. एवढं स्वच्छ काम हातून उतरल्यावर माणसाला काहीतरी वाटावं. मी तपेली धुऊन ठेवली आणि चहा टाकला.

उन्हं ओट्यावर आली तशी बाबांनी किल्ली शर्टाच्या खिशात टाकली आणि स्टूल मागितलं. गाडीच्या दाराशी स्टूल ठेवलं, दादाने दार उघडलं आणि तो दात घासायला मोरीवर गेला. आई आतबाहेर करत होती, तिच्याने एका जागी उभं राहवत नव्हतं. बाबांनी खाली वाकून एका टोकाकडून बघायला सुरुवात केली. मधोमध आले, पुढे गेले. चरा नव्हता. आई मागून ओरडली, नेहमीच्या आवाजात, "बघा! हाय का चरा? मी म्हनलं ना न्हाय म्हनून!" आणि आत पळाली. तिने शेजारून वाटीभर सुकट परत मागून आणली होती, बाबांना दोन घास तरी द्यायचे म्हणून. तव्यावर ती पडल्याचा वास आला. कितीतरी दिवसांनी आमच्या घराला वास आला.

बाबा अजून वाकलेलेच होते. त्यांचं बोट फिल्मवरून कोपऱ्याकडे गेलं. तिथे थांबलं. त्यांनी तिथे बोट फिरवलं, परत फिरवलं, पौर्णिमेच्या संध्याकाळी फिरवलं होतं तसंच. तेव्हा मला ते आठवलं. कोयरीच्या शेपटासारखं ते तूस. इतक्या दिवसांत आमच्या डोळ्यांना त्याची एवढी सवय झाली होती की ते गेलं हे ना आईला दिसलं ना मला. चरा पडू नये म्हणून आम्ही दोघींनी शुक्रवारच्या निवांत हवेत इतकी स्वच्छ फिल्म लावली होती की ती त्यांची राहिलीच नाही.

त्यांनी मान वर केली. माझ्या हातांकडे बघितलं. साबणाच्या पाण्याने बोटांची टोकं अजून सुरकुतलेली होती. मग माझ्या डोक्याकडे. आईचा रुमाल मी सोडायचा विसरले होते. मला वाटलं आता ते काठी मागतील, आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपतील, किल्ली दादाच्या हातात देतील. आतून आई गुणगुणत होती. ती गुणगुणते हेसुद्धा मी विसरले होते. बाबांनी ते ऐकलं की नाही कुणास ठाऊक, पण त्या दिवशी माग बंद होते.

"बुडबुडा न्हाय," ते म्हणाले. एकेक शब्द काढून, हळू. "केस न्हाय." थांबले. "चांगली लावली."

एवढं म्हणून त्यांनी दाराला हात घातला आणि ते उभे राहू लागले. मी धरायला गेले तर मान हलवली. "चल. दुकानात." दादा तोंडाला फेस घेऊनच धावत आला. आई उलथनं हातात घेऊन बाहेर आली, "अवो, खाऊन तर घ्या!" बाबांनी उजवा पाय आत टाकला, वळून बसले. डावा पाय बाहेर. त्यांनी मांडी उचलायचा प्रयत्न केला नाही. हाताने पँट धरून पाय उचलला, बूट सरळ त्या नव्या फिल्मवर मधोमध ठेवला, त्यावर भार दिला आणि तसाच आत ओढून घेतला. त्या निवांत सकाळी खर्रकन आवाज आला, तो सगळ्यांना ऐकू गेला.

"अवो!" आई किंचाळली. "चरा! चरा पडला!"

"पडू दे," बाबा म्हणाले. "त्यालाच तर लावतो आपन."

आईच्या हातातलं उलथनं खाली आलं. ती बाबांकडे बघत राहिली, मग माझ्याकडे, मग परत त्यांच्याकडे. त्यांना कळलंय, हे तिला कळलं. तिचा चेहरा रडवेला झाला आणि बाबांनी चांगल्या हाताने तिला जवळ येण्याची खूण केली. ती दाराशी वाकली. तिच्या हातावर सुकटीचा वास होता. तिचा हात नाकाशी धरून बाबा म्हणाले, "डब्यात भर. तिकडं खाऊ." आणि तिला हसू आलं की रडू, ते अजूनही मला नक्की सांगता येत नाही.

मी मागे बसले, शेजारी डबा मांडीवर घेऊन आई. दादाने गाडी सुरू केली. वाडा रोडला फाट्यावर त्याने ती दुकानापुढे लावली. दुकानाच्या शटरवर तुसांचा राखी थर बसला होता, खालच्या बाजूला कुणीतरी पानाची पिंक टाकली होती. दादा किल्लीसाठी हात पुढे करून थांबला. बाबांनी शर्टाच्या खिशातून ती काढली, त्याच्या हाताला वळसा घातला आणि मान न वळवता, खांद्यावरून मागे धरली. माझ्यासाठी.

मी ती घेतली. आनंद झाला का, वाईट वाटलं का, काहीतरी व्हायला हवं होतं. मला फक्त एवढं कळलं, की ती किल्ली त्यांच्या अंगाने कोमट झालेली होती. कितीतरी दिवसांनी माझ्या हाताला काहीतरी कळलं होतं. मी खाली उतरले आणि शटर वर केलं.